टेकाडे भावजी : घरोघरचा आवाज



चिंचवड, आकुर्डी, भोसरी या बाजूला आज कारखान्यांची रांग दिसते. पण १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा आजूबाजूला शेतीच होती. पुढे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघालं आणि जमिनी भराभर गेल्या. बाप रानात, पोरगा पाळीवर, अशी घरं गावोगाव झाली. अशा घरात रेडिओ आला की बापाला बाजारभाव हवे असत, पोराला कामगारांचा कार्यक्रम, बाईला वनिता मंडळ. रेडिओ एकच, आणि त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे, त्यामुळे तो जपूनच वापरायचा. पण एक कार्यक्रम असा होता की त्याला सगळं घर एकत्र बसे. तो म्हणजे मुंबई केंद्राचा ‘पुन्हा प्रपंच’.

त्यात पंत आणि मीनावहिनी हे जोडपं, आणि त्यांच्याकडे येणारे-जाणारे टेकाडे भावजी. पंतांचं काम प्रभाकर जोशी करीत, मीनावहिनींचं नीलम प्रभू. (पुढे त्या करुणा देव झाल्या, संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी.) आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मुंबई आकाशवाणीचे निवेदक आणि नभोनाट्यातले जाणते कलावंत.

आता ‘भावजी’ हा शब्दच बघा. नवऱ्याच्या मित्राला घरची बाई भावजी म्हणते, म्हणजे तो पाहुणा राहत नाही. तो चहाला हक्कानं बसतो, नवरा-बायकोच्या भांडणात मधे पडतो, आणि चार शब्द ऐकूनही घेतो. कुडतरकरांनी हे नातं आवाजात आणलं. रेडिओवरून काही शिकवायचं म्हटलं की बोलणारा माणूस एकदम वरच्या पट्टीत जातो, साहेबासारखा. भावजी तसे नव्हते. महागाई असो, काटकसर असो, शेजाऱ्याशी कसं वागावं हा प्रश्न असो, ते गप्पांतून निघे आणि गप्पांतच मिटे. खरं म्हणजे सल्ला पटतो तो सांगणाऱ्याचा आवाज ओळखीचा झाल्यावर. खताचं प्रमाण असो की घरखर्चाचं, यात फरक नाही असं आमचं मत आहे.

कुडतरकरांचा आवाज फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी माहितीपटांतूनही ऐकू येई. तंबूत वा टॉकीजमध्ये खेळ सुरू होण्याआधी तो कानी पडला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होई. २०१९ च्या जुलैत, वयाच्या ९८ व्या वर्षी, ते गेले.

मुंबईचं झालं, पण पुण्यालाही हाच विचार चालू होता, आणि तो तर थेट शेतकऱ्यांसाठी. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं या केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. कल्पना कॅनडातली, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत. आपल्याकडं गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती बसत, ऐकून झालं की वाद घालत, आणि त्यांच्या शंका पुण्याला पाठवल्या जात. उत्तर पुढच्या कार्यक्रमातून मिळे! मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासणी केली, आणि नुसतं ऐकणाऱ्या गावांपेक्षा बसून बोलणाऱ्या गावांनी कितीतरी जास्त ध्यानात ठेवलं असं दिसून आलं. १९५९ पासून ही मंडळं देशभर काढली गेली.

याच पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात ‘बनगरवाडी’कार व्यंकटेश माडगूळकर नोकरीला होते. माणदेशातल्या मेंढक्यांचं बोलणं ज्याच्या कानात मुरलेलं, असा माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला मिळाला, हे केंद्राचं भाग्यच म्हणायचं.

मात्र एक अडचण आहे. त्या काळी टेप महाग, तीच पुसून पुन्हा वापरीत. त्यामुळे भावजींचं किंवा ग्रामीण कार्यक्रमांचं पुष्कळसं बोलणं आज ऐकायला मिळायचं नाही. ते उरलंय ते ऐकणाऱ्यांच्या कानात, आणि त्यांच्यातली बरीचशी मंडळी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. तेव्हा आपल्या घरात असं जुनं माणूस असेल तर त्याला विचारा : गावचा रेडिओ चावडीवर होता की शाळेत, तो लावायचं काम कुणाकडं होतं, कुठला आवाज लागला की बायका चुलीपुढून उठून दाराशी येत. उत्तरं पोराटोरांकडून वहीत उतरवून घ्या, आणि खाली गावाचं नाव व साल घालायला विसरू नका.