पॉली, सॅरा

पॉली, सॅरा : (८ जानेवारी १९७९ – ). कॅनेडियन चित्रपट-दिग्दर्शक, पटकथाकार व निबंधलेखिका, पूर्वाश्रमीच्या बालकलाकार. जन्म टोरांटो येथे. आई डायान या अभिनेत्री व कास्टिंग डायरेक्टर, तर वडील मायकल हे मूळचे ब्रिटिश नट. संसारासाठी पुढे त्यांनी विमा कंपनीत नोकरी धरली. पाच भावंडांत सॅरा धाकट्या. ‘वन मॅजिक ख्रिसमस’ (१९८५) या चित्रपटातून त्या लहान वयातच पडद्यावर आल्या आणि तिशीच्या सुमारास अभिनयातून जवळजवळ बाहेर पडल्या. ‘विमेन टॉकिंग’ (२०२२) या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. नाव झाल्यावर हौस म्हणून दिग्दर्शनाकडे वळणारे नटनट्या पुष्कळ आहेत. पॉली यांना त्या रांगेत बसवता येत नाही. गोष्ट कोणी सांगायची आणि ती सांगताना कोणाला काय सोसावे लागते, हा प्रश्न लहानपणीच त्यांच्या वाट्याला आला होता. लेखन-दिग्दर्शनात त्या तोच धरून राहिल्या.

टेरी गिलियम यांच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुन्चाउसेन’ (१९८८) या खर्चिक चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी सॅरा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. एका दृश्यात ठरावीक अंतरावर सुरुंग उडत असताना त्यातून त्यांना धावत जायचे होते. टेक झाल्यावर त्या वडिलांच्या मांडीवर ओक्साबोक्शी रडल्या, पुन्हा करायला लावू नका म्हणून गयावया केली. तरी ते दृश्य पुन्हा करावे लागले. आईवडील सेटवर हजर होते आणि त्यांनीही चित्रीकरण थांबवले नाही, हे पॉली यांनी मोठेपणी आवर्जून लिहिले आहे. २००५ मध्ये गिलियम ‘टाइडलँड’ हा एका लहान मुलीभोवती फिरणारा चित्रपट करत असल्याचे कळल्यावर त्यांनी गिलियमना ईमेल पाठवला. तक्रार करण्यापेक्षा त्या मुलीची काळजी घ्या, हे सांगण्याचा त्यात रोख होता. तो पत्रव्यवहार पुढे छापून आला. गिलियम यांच्या मते सेट सुरक्षित होता. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणींचा हा पेच पॉली यांच्या पुढच्या कामात वारंवार दिसतो.

एल. एम. माँटगोमेरी यांच्या कथांवरील ‘रोड टू ॲव्हनली’ (१९९०–९६) या मालिकेने त्यांना कॅनडात घरोघरी पोचवले. मालिका सुरू झाली त्याच जानेवारीत, त्यांच्या अकराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात, आई कर्करोगाने गेली. आखाती युद्धाच्या सुमारास एका पुरस्कार सोहळ्याला त्या शांततेचे चिन्ह घालून गेल्या. मालिका दाखवणाऱ्या डिस्नीच्या अधिकाऱ्यांनी ते काढायला सांगितले, त्यांनी नकार दिला. पुढे शाळा सुटली, घरही लवकर सुटले आणि काही वर्षे त्या दारिद्र्यविरोधी चळवळीत रमल्या. १९९५ मध्ये ऑंटॅरिओ विधिमंडळासमोरील निदर्शनात पोलिसांशी झालेल्या झटापटीत त्यांचे दात पडले. ॲटम इगोयान यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’ (१९९७) मधील भूमिकेमुळे हॉलिवुडची दारे उघडली. या चित्रपटासाठी त्या गायल्याही. मात्र ‘ऑलमोस्ट फेमस’मधील हाती आलेली मोठी भूमिका त्यांनी सोडून दिली, ती पुढे केट हडसन यांनी केली.

त्याच काळात दिग्दर्शनाची उमेदवारी सुरू झाली. १९९९ पासून त्यांनी लघुपट केले, टोरांटोच्या कॅनेडियन फिल्म सेंटरमध्ये शिक्षण घेतले आणि ‘आय शाउट लव्ह’ (२००१) या लघुपटाला जिनी पुरस्कार मिळाला. हाल हार्टली यांच्या चित्रपटासाठी आइसलँडला गेलेल्या असताना परतीच्या विमानात त्यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये ॲलिस मन्रो यांची कथा वाचली. स्मृतिभ्रंशामुळे पत्नी संस्थेत दाखल होते, तिथे दुसऱ्याच पुरुषात गुंतते आणि एकेकाळी स्वतः बाहेरख्याली असलेला नवरा हे पाहत बसतो, अशी ती कथा. नुकतेच ज्यांच्याबरोबर काम केले त्या ज्युली क्रिस्टीच वाचताना डोळ्यांसमोर आल्या, असे पॉली सांगतात. ‘अवे फ्रॉम हर’ (२००६) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असा जन्मला. सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शिकेने चव्वेचाळीस वर्षांच्या संसाराबद्दल केलेला हा चित्रपट कुठेही गळेकाढू होत नाही. पटकथेसाठी पॉली यांना आणि अभिनयासाठी क्रिस्टी यांना ऑस्कर नामांकन मिळाले.

‘टेक धिस वॉल्ट्झ’ (२०११) तुलनेने विस्कळीत आहे. शेजाऱ्याच्या प्रेमात पडणाऱ्या विवाहितेची ही कथा रंगांच्या सोसाला बळी पडते. जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याचा प्रसंग मात्र लक्षात राहतो : गाणे टिपेला असताना संगीत तुटते, ट्यूबलाइट लागतात आणि दोघे अवघडून बसून राहतात.

‘स्टोरीज वी टेल’ (२०१२) हा माहितीपट त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. सॅरा वडिलांसारखी दिसत नाही, अशी थट्टा त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पूर्वीपासून चाले. आईने १९७८ मध्ये माँट्रिऑलला एका नाटकात काम केले होते. तिथल्या तिच्या दिवसांची चौकशी करताना पॉली चित्रपट-निर्माते हॅरी गुल्किन यांना भेटल्या आणि तेच आपले जन्मदाते असल्याचे त्यांना कळले. डीएनए चाचणीने ते पक्के झाले. मायकल यांना सांगण्याआधीच एका पत्रकाराला याचा सुगावा लागला. पॉली यांनी रडून विनवण्या केल्यावर त्याने बातमी दाबली. पुढे गुल्किन यांनी स्वतः ही हकिकत लिहिली व प्रसिद्ध करायचे म्हटले. पॉली यांना ते पटेना. गोष्ट एकाची नव्हे, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून ती यायला हवी, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यातून चित्रपट उभा राहिला. भावंडे, आईचे मित्र, दोन्ही वडील एकामागून एक बोलतात. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळत नाही. गुल्किन यांना हा प्रकार मान्य नाही, आणि ते चित्रपटातच तसे सांगतात.

या चित्रपटाची रचना कसबी आहे. सत्य कळल्यानंतर मायकल यांनी सारे कागदावर उतरवले. तेच ते ध्वनिमुद्रण कक्षात उभे राहून वाचतात. काचेपलीकडे मुलगी. मध्येच ती थांबवते, ते वाक्य मागे जाऊन पुन्हा घ्या म्हणते आणि निमूटपणे ते पुन्हा वाचतात. वडिलांना दुसरा टेक द्यायला लावणारी ही मुलगी एकेकाळी कोणत्या टेकनंतर कोणाच्या मांडीवर रडली होती, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो क्षण टोचतो. पॉली यांनी तो कापला नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. आईचे म्हणून दाखवलेले सुपर-८ फिल्मवरचे घरगुती चित्रण बरेचसे नटांकडून नव्याने करून घेतलेले आहे. रिबेका जेन्किन्स डायानच्या भूमिकेत आहेत, हे बऱ्याच उशिरा उघड होते. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील समीक्षक-मंडळांनी त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरवले.

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘एलियस ग्रेस’ कादंबरीचे हक्क त्यांनी सतराव्या वर्षीच मागितले होते. ते तेव्हा मिळाले नाहीत, पण पॉली यांनी हा नाद सोडला नाही. अखेर २०१७ मध्ये त्यांनी लिहिलेली व निर्मिलेली सहा भागांची मालिका आली. दिग्दर्शन मेरी हॅरन यांचे होते. १८४३ च्या खुनांत शिक्षा झालेल्या ग्रेस मार्क्स या मोलकरणीची हकिकत डॉक्टर, वकील, धर्मगुरू असे सारेच आपापल्या सोयीने सांगतात. विषय त्यांच्याच जातकुळीचा. २०१० मध्ये हृदयविकाराच्या जागृतीसाठी केलेला लघुपट मार्गारिनच्या एका ब्रँडच्या प्रचाराला जोडला जाणार असे कळताच त्यांनी त्यावरून आपले नाव काढून घेतले होते, तेही गोष्ट दुसऱ्याच्या सोयीने वापरू न देण्याच्या याच स्वभावाला धरून.

२०१५ मध्ये एका सामुदायिक केंद्रात हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात वाकून शोधत असताना अग्निशामक सिलिंडर डोक्यावर पडून त्यांच्या मेंदूला मार बसला. उजेड, आवाज, गर्दी काही सोसेना. हाती घेतलेले ‘लिटल विमेन’चे काम सोडावे लागले; तो चित्रपट पुढे ग्रेटा गर्विग यांनी केला. विश्रांतीने गुण येईना, तेव्हा पिट्सबर्गच्या एका तज्ज्ञाने उलटा सल्ला दिला : ज्याने त्रास होतो तेच मुद्दाम करत राहा. ‘रन टुवर्ड्स द डेंजर’ (२०२२) या सहा निबंधांच्या पुस्तकाचे नाव त्याच सल्ल्यावरून आले. त्यांतील पहिला निबंध १९९४ च्या स्ट्रॅटफर्ड महोत्सवातील नाटकाचा आहे. पंधरा वर्षांच्या सॅरा त्यात ॲलिसची भूमिका करत होत्या. रंगमंचाच्या भीतीने पार खचल्यावर मणक्याच्या बाकाचे दुखणे वाढवून सांगून त्यांनी नाटकातून सुटका करून घेतली. मुन्चाउसेनचा अनुभवही या पुस्तकात आहे. एका कलावंताच्या प्रतिभेला मान देता देता मुलाच्या भीतीकडे सगळी मोठी माणसे कशी काणाडोळा करतात, हे त्यांनी त्यात उलगडले आहे.

मिरियम टेव्झ यांच्या कादंबरीवरील ‘विमेन टॉकिंग’ला बोलिव्हियातील मेनोनाइट वसाहतीतल्या खऱ्या अत्याचारांचा आधार आहे. गुंगी देऊन रात्री बलात्कार झालेल्या बायका माळ्यावर जमतात. सोसत राहायचे, लढायचे की निघून जायचे, एवढाच प्रश्न. अत्याचार पॉली यांनी दाखवला नाही. दिसते ती त्यानंतरची सकाळ. कादंबरी सभेची टिपणे घेणाऱ्या पुरुषाच्या तोंडून येते. संकलनाच्या टप्प्यावर पॉली यांनी हा निवेदक बदलून एका किशोरवयीन मुलीचा आवाज घेतला; ती न जन्मलेल्या बाळाला ही हकिकत सांगते. एवढ्या उशिरा निवेदकच बदलणे हा जुगार होता, पण चित्रपट त्यावरच तरला आहे. सेटवर कामाचे तास कमी ठेवले होते, घरी मुले असलेल्यांना वेळेत परतता यावे म्हणून, आणि मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध होती. मार्च २०२३ मध्ये रूपांतरित पटकथेचे ऑस्कर त्यांना मिळाले. त्यानंतरच्या एप्रिल फूलला त्यांच्याच अपत्याने अकादमीच्या नावाने पत्र लिहिले की बाहुली चुकून दिली, परत पाठवा. पॉली यांनी ते पत्र कौतुकाने जगजाहीर केले.

‘द स्टुडिओ’ (२०२५) या विनोदी मालिकेच्या एका भागात त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या, दिग्दर्शिका सॅरा पॉली म्हणूनच. मावळत्या उजेडात एक लांबलचक दृश्य सलग एकाच टेकमध्ये घ्यायची त्यांची धडपड सेटवर कौतुकाने टपकलेला स्टुडिओप्रमुख दरवेळी उधळून लावतो.