सार्पेडॉन क्रेटर: चोरीला गेलेलं भांडं परत आलं, मग हरवलं काय?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली मातीच्या एका भांड्यासाठी तब्बल १० लाख डॉलर मोजले. २००८ मध्ये तेच भांडं त्यांना इटलीला परत द्यावं लागलं. असं काय होतं त्या भांड्यात?

क्रेटर म्हणजे काय?

प्राचीन ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालून पीत. मेजवानीत हे मिश्रण ज्या मोठ्या भांड्यात करायचे, ते म्हणजे क्रेटर. हा क्रेटर इसवी सन पूर्व ५१५ च्या सुमारास अथेन्समध्ये तयार झाला. उंची जेमतेम ४६ सेंटीमीटर, पण त्यात सुमारे ४५ लिटर वाइन मावते. युक्सिथिओसने तो घडवला, युफ्रोनिओसने रंगवला. दोघांचीही नावं त्यावर लिहिलेली आहेत.

चित्रात काय आहे?

होमरच्या 'इलियड' महाकाव्यातला प्रसंग. ट्रॉयच्या युद्धात सार्पेडॉन मारला जातो. तो देवांचा राजा झ्यूसचा मुलगा. झ्यूसला त्याला वाचवावंसं वाटतं, पण त्याची पत्नी हेरा बजावते की मग इतर देवही आपापल्या मुलांना वाचवू पाहतील. झ्यूस माघार घेतो. निदान अंत्यसंस्कार मायदेशी व्हावेत, म्हणून निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ सार्पेडॉनचं शव उचलून नेतात. चित्रात नेमका हाच क्षण आहे. जखमांमधून रक्त वाहतंय आणि मधोमध उभा असलेला हर्मिस हे देव पाहतोय.

यातला काळा रंग म्हणजे वेगळा रंग नाही, तीही मातीच. अगदी बारीक मातीचा लेप देऊन भट्टीतली हवा कोंडली की तो काळा पडतो. लेप न दिलेल्या आकृत्या तांबूस राहतात.

मग चोरी कुठे झाली?

रोमजवळच्या चेर्वेतेरीत. तिथले एट्रुस्कन लोक ग्रीक भांडी विकत घेत आणि मृतांसोबत थडग्यात ठेवत. १९७१ च्या अखेरीस चोरांनी असंच एक थडगं फोडलं. इटलीच्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला असा ठेवा सरकारचा असतो. म्युझियमला मात्र सांगण्यात आलं की भांडं लेबनॉनमधल्या एका व्यापाऱ्याच्या घराण्यातलं आहे. पुढे इटलीने पुरावे गोळा केले आणि २००६ मध्ये परतीचा करार झाला. आता हा क्रेटर चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

तरीही काय हरवलं?

ते थडगं कोणाचं होतं, भांड्यासोबत आणखी काय पुरलं होतं, अथेन्सची ही कथा त्या घराने मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी का निवडली, हे सगळं त्या जागेवरूनच कळू शकलं असतं. चोरांनी विकण्यासारखं ते उचललं आणि बाकी विस्कटून टाकलं. भांडं परत आणता येतं, विस्कटलेलं थडगं पुन्हा वाचता येत नाही.