किल्ल्याबाहेरची वसई: सुकेळी, बावखल आणि नाताळ

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन कानात टिकत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

वसईचा इतिहास म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र येतं. चिमाजी अप्पा, १७३९, पडलेला बुरूज आणि भगवा. शाळेत दोन मार्कांचा प्रश्न असायचा. आता किल्ल्यात प्री-वेडिंग शूट चालतात. मला त्या लढाईबद्दल आदर आहे, त्यावर वेगळा भाग कधीतरी करूच. पण आज मला दुसरीच गोष्ट विचारायची आहे. मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले, जहाजांत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तटबंदीच्या बाहेर, वाड्यांमध्ये, कोण होतं? आणि ते काय करत होते?

माझं उत्तर: केळीला पाणी देत होते. मे महिना होता ना. राज्य कोणाचंही असो, मे महिन्यात केळीला पाणी लागतंच.

थोडं मागे जाऊ. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची २०५ वर्षं इथे त्यांचं राज्य होतं, त्यांच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाची राजधानी ही. त्या काळात इथल्या बऱ्याच कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. यात गुळगुळीत बोलायचं कारण नाही. देवळं पाडली गेली, दबाव होता, सवलतींचं आमिष होतं, आणि काहींची श्रद्धाही खरी होती. सगळं एकाच वेळी. चारशे-साडेचारशे वर्षांनंतर कोणाच्या पणजोबांच्या खापरपणजोबांच्या मनात काय होतं हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही.

पण एक गोष्ट मला फार रोचक वाटते. धर्म बदलला, आडनाव डिमेलो नाहीतर लोपीस झालं, पण बोली बदलली नाही. सामवेदी बोली, जिला कादोडी असंही म्हणतात, ती आजही वसईतले सामवेदी हिंदू आणि सामवेदी ख्रिस्ती दोघंही बोलतात. ख्रिस्ती सामवेदींना कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला असं मानतात, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेला माणूस. म्हणजे बघा, समाजाचं नाव परकं, पण त्या नावाची माणसं एकमेकांशी जे बोलतात ते अस्सल इथलं.

आणि हे उलट्या बाजूनेही झालंय. तुम्ही, मी, कधी चर्चमध्ये पाऊल न ठेवलेले लोकसुद्धा डिसेंबरातल्या सणाला ‘नाताळ’ म्हणतो. तो शब्द पोर्तुगीज आहे. पाव, बटाटा, काजू, चावी, बादली, साबण, पगार, घमेलं हे सगळे तिथलेच. बिल्डिंगच्या साइटवर घमेलं उचलणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं की तू पोर्तुगीज बोलतोयस, तर तो आपल्याकडे कसा बघेल याचा विचार करा.

बरं, १७३९ नंतर काय झालं? शरणागतीच्या अटींमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा होती. गोरे पाद्री गेले, त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी पाद्री आले. चर्चच्या काही घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. पुढे इंग्रज आले, १८०२ चा वसईचा तह झाला, पेशवाई गेली. ही सगळी तारखांची यादी मी एका वाक्यात उरकतोय, कारण वाडीत या काळात फारसं काही बदललं नाही. तेच केळीचे लोंगर, तीच पानवेल, तोच भात आणि संध्याकाळी तीच जपमाळ.

आता सुकेळीबद्दल, ज्यासाठी मी हा भाग करायला घेतला होता.

राजेळी नावाची केळ्याची जात आहे, मोठी आणि गोड. ती पिकवायची, सोलायची आणि मांडवावर चटई टाकून उन्हात वाळत घालायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून घरात न्यायची, सकाळी पुन्हा बाहेर, मध्येच उलटायची. साधारण आठवडाभर हे चालतं. मग केळं आक्रसतं, रंग मधासारखा होतो, आणि ते केळीच्याच वाळलेल्या पानात आवळून बांधतात. साखर नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, फक्त ऊन. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुक्या केळ्यांचा उल्लेख आहे.

माझ्या एका मित्राच्या आजी अजून सुकेळी करतात. मी त्यांना विचारलं, “आजी, यात अवघड काय आहे? ऊन तर फुकट आहे.” त्या हसल्या. म्हणाल्या, “बाळा, ऊन फुकट आहे, पण माणूस फुकट नाही. दिवसभर आभाळाकडे बघत कोणीतरी घरी बसावं लागतं. आता घरी कोण बसतं?” मित्र बीकेसीत, त्याची बहीण अंधेरीत. बरोबरच आहे.

या घरांचं स्वयंपाकघर हेच मुळात कॅलेंडर आहे. पाऊस संपला की सुकेळी. नाताळला इंद्याल आणि फुगिया. इंद्याल म्हणजे व्हिनेगर आणि लसणाचा झणझणीत रस्सा, ज्याचा गोव्यातला भाऊ ‘विंदालू’ जगभर फिरून आला. त्यात पडणारी मिरचीसुद्धा पोर्तुगीज जहाजांतूनच आली, अमेरिकेहून. मग उपवासकाळ, गुड फ्रायडेपर्यंत जिभेला लगाम. ईस्टर झाला की एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या वाळवून, भाजून, कांडून वर्षाचा मसाला. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत तो बिअरच्या गडद बाटल्यांमध्ये ठासून भरतात, म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात. गडद काचेतून उजेड आत जात नाही, मसाला वर्षभर टिकतो. आणि ऑक्टोबरात आगेरा, भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घ्यायचा. धर्मशास्त्र कोणाला किती कळतं ते माहीत नाही, पण भात तयार झाला की आधी देवासमोर ठेवायचा हे या किनाऱ्यावर कोणाला शिकवावं लागलेलं नाही.

या सगळ्याखाली एक गोष्ट आहे, जी फोटोत येत नाही. पाणी.

वसईचा पश्चिम पट्टा रेताड आहे आणि समुद्र चालत जाण्याइतका जवळ. अशा ठिकाणी गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. हळूहळू उपसलं तर वर्षानुवर्षं पुरतं. भसाभसा खेचलं तर खालून खारं वर येतं. वाडीतल्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं, म्हणून वाडीवाडीत बावखल असायचं. बावखल म्हणजे छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवतं. पावसाळ्यात चार्ज होणारी पॉवर बँकच समजा. तळातला गाळ काढून झाडांना घातला की खत. विहिरीवर रहाट, बैल फिरेल तितकंच पाणी वर.

आणि मग १९८० च्या दशकात टँकर आले.

इथे मला माझं सांगावं लागेल. मी नालासोपाऱ्यात वाढलो, टँकरच्या पाण्यावर. टँकरचा हॉर्न वाजला की आई मला बादल्या घेऊन खाली पळवायची. ते पाणी कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही. सूर्या धरणाचं पाणी बऱ्याच नंतर आलं. त्याआधी नव्या बिल्डिंगांची तहान आणि बांधकामाची तहान पश्चिमेच्या वाड्यांमधल्या विहिरी भागवत होत्या. विहिरी मचूळ झाल्या, बागा करपल्या. ज्या आजींच्या घरी मी आज सुकेळी खातो, त्यांच्या विहिरीतलं पाणी मी अंघोळीला वापरलं असण्याची शक्यता आहे. मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग काय झालं, तुलाही तहान होतीच ना.” मला काही बोलता आलं नाही.

याच विरोधात १९८९ च्या सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते एक पाद्री, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते. पाद्रीने राजकारणात कशाला पडायचं, अशी टीका झाली. पण मोर्चात कुपारी होते तसे हिंदू शेतकरीही होते, कारण विहीर खारी होताना धर्म विचारत नाही. याच दिब्रिटोंनी बायबल आजच्या मराठीत आणलं, ‘सुबोध बायबल’, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा सोशल मीडियावर ‘पाद्री आणि मराठी?’ असे प्रश्न आले होते. विचारणारे बहुतेक ‘नाताळच्या शुभेच्छा’ पाठवणारेच असतील. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे निळा बोर्ड आहे. बावखलांना असा बोर्ड नाही. कितीतरी भर घालून बुजवली, वर पार्किंग झालं. काही गावांत तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी उतरून गाळ काढतायत. मित्राच्या वाडीतलं बावखल अजून आहे. मागच्या जुलैत आम्ही त्याच्या काठावर उभे होतो, पाणी काठोकाठ, बेडकांचा इतका आवाज की या भागासाठी केलेलं रेकॉर्डिंग वाया गेलं. ते तुम्हाला भागाच्या शेवटी ऐकवलंय, तीस सेकंद.

पुढच्या भागात वसईतून थेट नागासाकी. १५९७ मध्ये तिथे क्रुसावर चढवलेला वसईचा गोन्सालो गार्सिया. गास गावातलं त्याच्या नावाचं चर्च बघून घ्या तोवर, आणि येताना कोणाकडे सुकेळी मिळाली तर माझ्यासाठीही एक पुडा घ्या. पैसे जीपे करतो.