आकाशातील भडका आणि त्याची जागा



ईदचा चाँद दिसला असे एखाद्याने येऊन सांगितले तर आपल्याकडे लगेच ईद जाहीर होत नाही. तो कोठे उभा होता, कोणत्या दिशेला पाहत होता, किती वाजता दिसला, सोबत आणखी कोणी पाहिला काय, असे त्याला विचारले जाते. एकट्याच्या सांगण्यावर भागत नाही. ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील शास्त्र आपल्या ध्यानी येत नाही. ह्या लेखात ज्या शोधाचा इतिहास सांगावयाचा आहे, तो सारा अशा गवाहीचाच इतिहास आहे. फरक एवढाच की हुकलेला चाँद दुसऱ्या दिवशी दिसतो. येथे मात्र जे घडते ते काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत संपते.

गॅमा किरण हे प्रकाशाचेच भाऊबंद. क्ष-किरणांहूनही अधिक जोरकस. आकाशात कोठेतरी अचानक त्यांचा प्रचंड भडका उडतो आणि विझतो. आपल्या डोक्यावरील हवेचे थर हे किरण अडवतात, म्हणून आपण सुखरूप आहोत. पण त्यामुळेच जमिनीवरील वेधशाळेला ते थेट टिपता येत नाहीत. रिसोडहून जवळच असलेले लोणार आपण पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून आलेल्या आघाताची खूण आहे. खूण राहिली म्हणून हजारो वर्षांनंतरही माणसाला त्या आघाताचा अभ्यास करता आला. गॅमा किरणांचा भडका पृथ्वीवर अशी कोणतीच खूण ठेवीत नाही. मग तो झाला कोठे, हे शोधावे तरी कसे?

गंमत अशी की हा शोध ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी लावलाच नाही. १९६३ मध्ये अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात व अवकाशात अणुस्फोट न करण्याचा करार केला. करार झाला, पण विश्वास नव्हता. कोणी चोरून स्फोट करतो काय हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांपैकी दोन उपग्रहांनी एक भडका नोंदवला. त्याची तऱ्हा अणुबाँबसारखी नव्हती. तो कागदांत पडून राहिला. पुढे लॉस अलामॉस येथील रे क्लेबेसाडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी बारकाईने तपासल्या, नव्या नोंदी जमविल्या आणि १९७३ मध्ये सोळा भडक्यांची माहिती प्रसिद्ध केली. हे किरण पृथ्वीवरून अथवा सूर्यावरून आलेले नाहीत, एवढे त्यांनी खात्रीने सांगितले.

ही खात्री त्यांना कशी झाली, ते मुलामुलींनी नीट समजून घ्यावे. पावसाची सर आधी मेहकरला आली, मग रिसोडला, मग वाशिमला, तर ती पश्चिमेकडून आली हे सांगायला आभाळ पाहावे लागत नाही. तिन्ही गावांच्या वेळा पुरतात. व्हेला उपग्रह पृथ्वीपासून लाखाहून अधिक किलोमीटर दूर फिरत. दोन उपग्रह कक्षेच्या दोन टोकांना असले तर त्यांच्यात अडीच लाख किलोमीटरच्या आसपास अंतर पडे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एकाच भडक्याच्या दोन नोंदींत पाऊण सेकंदापर्यंत फरक येऊ शके, आणि उपग्रहांवरील घड्याळांना तो मोजता येई. मात्र दोन गवाहांनी जागा ठरत नाही. आकाशावर एक वर्तुळ तेवढे मिळते, व भडका त्या वर्तुळावर कोठेही असू शकतो. तिसरा गवाह आला की दोन जागा उरतात. चौथा आला की एक. पुढे शुक्राकडे व सूर्याकडे जाणाऱ्या यानांवरही अशी यंत्रे बसविली गेली आणि गवाहांचे जाळे कोट्यवधी किलोमीटर पसरले. तरीही हिशेब पूर्ण होईपर्यंत अनेक दिवस जात, आणि दुर्बीण तिकडे वळवावी तर तेथे काहीच नसे.

ह्या अडचणीमुळे दोन दशकांहून अधिक काळ विद्वानांत वाद चालला. भडके आपल्याच आकाशगंगेतले की विश्वाच्या दूरच्या टोकाचे? जागा ठाऊक नाही म्हणून अंतर ठाऊक नाही, आणि अंतर ठाऊक नाही म्हणून त्यांची खरी ताकद ठाऊक नाही. एप्रिल १९९१ मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत २७०४ भडके नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आढळले. आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी नव्हती. तरी वाद मिटेना. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे बोहदान पाचिन्स्की व डॉन लॅम्ब ह्या दोन शास्त्रज्ञांनी भर सभेत आपापली बाजू मांडली. पाचिन्स्की भडके फार दूरचे म्हणत, लॅम्ब आकाशगंगेच्या परिसरातले. सभा संपली, निकाल लागला नाही. निकालासाठी अचूक जागा हवी होती.

आता थोडे मागे, हजार वर्षे मागे जाऊ. बसरा येथे ९६५ च्या सुमारास जन्मलेला व कैरो येथे राहून काम केलेला इब्न अल-हैसम आपणास नावाने तरी ठाऊक असेलच. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्याचा प्रकाशाविषयीचा ग्रंथ. त्यात तो सांगतो की एका ठिकाणी अनेक दिवे मांडा, समोर एक लहान छिद्र व पलीकडे अंधारी खोली ठेवा. प्रत्येक दिव्याचा उजेड छिद्रातून जाऊन समोरच्या भिंतीवर वेगळा पडतो. एक दिवा झाकला तर त्याचाच ठिपका नाहीसा होतो. सूर्यग्रहणात छिद्रातून पडणाऱ्या कोरीच्या आकाराच्या उजेडावरही त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी कडुनिंबाखाली जमिनीवर असंख्य चंद्रकोरी पडतात त्या ह्याच नियमाने. पानांमधली प्रत्येक फट एक छिद्र होते.

गॅमा किरणांपुढे साधे भिंग चालत नाही; ते आरपार जातात. दुर्बिणीच्या नेहमीच्या आरशावरून ते परतत नाहीत. मग उरते ती सावली. किरण अडवील अशा जड धातूच्या पत्र्याला ठरावीक नक्षीने छिद्रे पाडायची आणि खाली किरण मोजणारा पट ठेवायचा. एकच छिद्र ठेवले तर किरण फार थोडे येतात, म्हणून शेकडो छिद्रे. भडका ज्या दिशेला असेल त्यानुसार नक्षीची सावली पटावर सरकते, आणि सावली किती सरकली ह्यावरून गणिताने दिशा काढता येते. असरच्या वेळेसाठी सावली मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही कल्पना परकी वाटली नसती. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळे आमच्याच ग्रंथांत होते, असे म्हणण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती ह्या लेखकाला पसंत नाही. इब्न अल-हैसमला गॅमा किरण ठाऊक नव्हते. पण प्रयोग करून मगच बोलावे, ही त्याची रीत मात्र आपण गमावली आहे, आणि दुःख त्याचे करावे.

नक्षीदार पत्र्याचे असे कॅमेरे इटली व हॉलंडच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहावर होते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी, आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो त्याच तारखेला, मृग नक्षत्राच्या दिशेला भडका झाला. कॅमेऱ्याने त्याची जागा पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या काही अंशाइतक्या नेमकेपणाने सांगितली. आठ तासांत उपग्रहाची क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळली, आणि तेथे विझत जाणारा निखारा सापडला. त्याच रात्री कॅनरी बेटांवरील दुर्बिणीने त्याचा साधा प्रकाशही टिपला. खूण मिळाली! दोनच महिन्यांनी, ८ मे १९९७ च्या भडक्याचे अंतर मोजता आले. त्याचा प्रकाश निघाल्याला सुमारे सात अब्ज वर्षे झाली होती. पाचिन्स्की बरोबर ठरले. आज आपणास ठाऊक आहे की प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर जन्मते तेव्हा लांब भडके उडतात, आणि दोन सेकंदांहून आखूड भडके बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याने होतात.

ह्या गवाहांत आपला देश कोठे होता? सुरुवात अपयशाची होती. भारताच्या ‘स्रॉस’ मालिकेतील उपग्रहांवर गॅमा भडके टिपणारे यंत्र होते. पहिला १९८७ मध्ये व दुसरा १९८८ मध्ये अग्निबाणासह नष्ट झाला. तिसरा मे १९९२ मध्ये गेला, पण कक्षा खालची मिळाल्याने दोन महिनेही टिकला नाही. मे १९९४ मधील चौथा यशस्वी झाला आणि त्याने भडके नोंदवले. एकदा नापास झालेल्या मुलाची शाळा सोडविणाऱ्या पालकांनी ही चार वर्षे सावकाश वाचावीत.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची अवकाश वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिच्यावरील ‘सी.झेड.टी.आय.’ हे यंत्र म्हणजे वर सांगितलेला नक्षीदार पत्र्याचा कॅमेराच. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची ‘आयुका’ आणि इतर संस्थांनी मिळून ते घडविले, ए. आर. राव, दीपंकर भट्टाचार्य, वरुण भालेराव ही त्यामागील काही नावे. पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीच्या टँटलमचा, आणि खालच्या पटावर १६,३८४ चौकटी. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी यंत्र सुरू केले आणि त्याच दिवशी त्याने एक भडका पकडला. तोही समोरचा नव्हे, साठ अंश बाजूचा! कारण जोरकस किरण यंत्राच्या भिंतीतूनही आत शिरतात. २०२३ अखेर अशा भडक्यांची संख्या ६०० च्या वर गेली. नोंदी चाळण्याचे बरेचसे काम पुण्यामुंबईच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी केले आहे.

त्यांच्या कामाचे मोल जानेवारी २०१७ मध्ये कळले. ४ जानेवारीला गुरुत्वीय लहरींची एक नोंद झाली. दोन कृष्णविवरे एकत्र आली होती. जवळपास एक दिवसाने हवाईच्या ‘ॲटलास’ दुर्बिणीला त्याच भागात विझत जाणारा प्रकाश दिसला. तो कृष्णविवरांचा असता तर भौतिकशास्त्राची पुस्तके बदलावी लागली असती. परंतु पहिल्या घटनेनंतर सुमारे २१ तासांनी, ५ जानेवारीला, ॲस्ट्रोसॅटने एक गॅमा भडका नोंदवला होता. भालेराव व सहकाऱ्यांनी वेळा जुळवल्या, इतर यानांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि दाखवून दिले की तो प्रकाश ह्या दुसऱ्या भडक्याचा निखारा आहे. लहरींशी त्याचा संबंध नाही. जगभर गाजणारी बातमी त्यांनी थांबविली. अशा कामाला वर्तमानपत्रात मथळा मिळत नाही.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे आदळले. लहरींनंतर १.७ सेकंदांनी अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहाने भडका टिपला. ॲस्ट्रोसॅटला काहीच दिसले नाही, आणि त्यांनी तसे कळविले. आता पाहा: त्या उंचीवरून पृथ्वी आकाशाचा सुमारे तीन दशांश भाग झाकते. भडका पृथ्वीच्या आडच असला पाहिजे असा अर्थ निघाला, आणि फर्मीने सांगितलेल्या प्रदेशाचा उघडा भाग वगळता आला. लहरी टिपणाऱ्या इटलीतील ‘व्हर्गो’ यंत्राला क्षीण दिसले, त्यावरूनही जागा आकसली. अखेर १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत तो निखारा सापडला. चाँद दिसला नाही, हीसुद्धा प्रामाणिकपणे दिली तर गवाहीच असते.

भिंतीतून शिरलेल्या भडक्यांची अडचण मात्र बरीच वर्षे राहिली. त्यांच्यावर नक्षीची सावली उमटत नाही, त्यामुळे भडका झाला हे कळे, जागा कळत नसे. व्हेलाच्या काळचाच पेच पुन्हा. तेव्हा आय.आय.टी. मुंबई येथील मंडळींनी वेगळी वाट काढली. उपग्रहाच्या स्वतःच्या अंगाची, म्हणजे शेजारच्या यंत्रांची व आधारांची सावलीही पटावर पडतेच. उपग्रहाचा प्रत्येक भाग संगणकात मांडून, कोणत्या दिशेने किरण आले तर कोणती सावली पडेल याचा हिशेब त्यांनी केला, आणि ठळक भडक्यांची ढोबळ दिशा त्यावरून मिळू लागली. ह्याच संस्थेच्या पुढाकाराने ‘दक्ष’ नावाच्या जोडउपग्रहांचा प्रस्तावही मांडला गेला आहे. त्यात दोन उपग्रह पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना फिरतील. एकाच्या आड पृथ्वी आली तरी ती बाजू दुसऱ्याला मोकळी दिसेल.