पहिलवानांचा खांब, मुलींचा दोर

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी इथल्या मल्लांना आव्हान दिले, अशी हकिकत मल्लखांबाच्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते आव्हान उचलले बाळंभटदादा देवधर या तरुणाने. तयारीसाठी तो वणीच्या सप्तशृंग गडावर गेला आणि तिथे साक्षात मारुतीने त्याला लाकडी खांबावर कुस्तीचे डाव शिकवले, अशी श्रद्धा आहे. खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथातही सापडतो. म्हणजे बाळंभटदादांनी नवी विद्या शोधली नाही, मागे पडलेली विद्या पुन्हा उभी केली.

हा खांब होता कुस्तीगिरासाठी. शिसवी किंवा सागवानी, खाली जाड, वर निमुळता. त्याला अंग, मान आणि बोंड. कातडी सोलवटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळायचे. समोर जोडीदार नसतानाही पकड, पेच, सुटका यांचा सराव व्हावा, हा त्याचा हेतू. तालमीत वावरणारे पुरुष, भरदार छात्या, दणकट मांड्या असेच चित्र त्याच्याभोवती होते. एखादी लहानखुरी मुलगी तिथे असेल, ही कल्पनाही कुणी केली नसती.

आज मात्र दादरच्या शिवाजी पार्कवर संध्याकाळी गेले तर याच विद्येत अशा मुली दिसतात. हा बदल मुख्यतः दोराने घडवला.

खांबाच्या जोडीला पूर्वी वेताचा मल्लखांब होता. लांब, लवचीक, चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. वरच्या आकड्याला टांगलेला हा दोर मुलगी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात पकडते, हातांनी अंग वर ओढते आणि दोर मांडीवरून, कमरेवरून, काखेतून फिरवत अढी घालते. गाठ कुठेच मारायची नाही. शरीराच्या वजनानेच दोर आवळतो आणि ती हात सोडून आसनात स्थिर होते. सुरुवातीला बेचक्यातली कातडी सोलते, डोळ्यांत पाणी येते. काही दिवसांनी तिथे घट्टा पडतो आणि मग मुलगी दुखण्याचे नाव काढत नाही.

इथे लहान चणीचा खरा फायदा होतो आणि त्यामागे साधा हिशेब आहे. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, स्नायूंची ताकद मात्र साधारण वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे स्वतःचेच अंग उचलायचे असते तिथे छोटे शरीर आपल्या वजनाच्या मानाने अधिक बळकट ठरते. बास्केटबॉल-व्हॉलीबॉलमध्ये उंची कमी पडते, कबड्डीत वजन कमी पडते. दोरावर तिला समोरच्या कुणाशी झुंजायचे नसते.

ही विद्या तालमीबाहेर नेण्याचे काम व्यायामशाळांनी केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. तिथले उदय देशपांडे यांनी मुलींना, दृष्टिहीन मुलांना आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मल्लखांब शिकवला; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवरच भरली. आणि २०२१ मध्ये या खेळाला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो एका मुलीला, मुंबईच्या हिमानी परब हिला. दोनशे वर्षांपूर्वी पहिलवानांसाठी उभारलेल्या खांबाचा इतिहास इथवर आला, याचा मराठी माणसाला मनापासून अभिमान वाटायला हवा.

लहान, हलक्या मुलांचा उपयोग महाराष्ट्राने दुसरीकडेही केला आहे. दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर नेहमी हलके पोर चढवले जाई. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, थर वाढले, मुले पडू लागली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर १४ वर्षांखालील मुलांना थरांत घ्यायचे नाही, हे ठरले. तिथे मुलाचे हलकेपण इतरांच्या बक्षिसासाठी वापरले जात होते. दोरावर ते त्या मुलीच्या स्वतःच्या कौशल्याला बळ देते, आणि हा फरक फार मोठा आहे.

पालकांच्या मनात मात्र वेगळीच आशा असते: लोंबकळले की मुलगी उंच होईल. तसे होत नाही. उंची ठरते आनुवंशिकता, आहार आणि आरोग्यावर. उलट, जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळाने वाढ खुंटते ही भीतीही बऱ्याच अंशी चुकीची आहे. त्या खेळात टिकतातच मुख्यतः लहान चणीची मुले, म्हणून तसे वाटते. मुलीची वाढ खरोखरच मंदावली असेल तर आखाड्याआधी बालरोगतज्ज्ञाकडे जावे.

प्रवेश घेताना काही गोष्टी मात्र जरूर पाहाव्यात. दोराखाली जाड गादी आहे का, दोर झिजला की बदलतात का, आणि नवशिक्या मुलीजवळ प्रशिक्षक स्वतः उभा राहतो का. आणखी एक प्रश्न विचारावा: मुलगी वाढायला लागली की काय करता? दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलींची उंची झपाट्याने वाढते, वजन वाढते, तोल बदलतो आणि काल सहज जमणारी अढी आज घसरते. जाणता प्रशिक्षक त्या काळात नवे अवघड प्रकार थांबवतो, जुन्या अढ्या पुन्हा पहिल्यापासून घोटून घेतो आणि मुलीला स्पर्धेची घाई करत नाही.