निपाणीची बिडी आणि हद्दीचे दर

निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर. गाडीने अर्धा तासही लागत नाही. बिडी या बाजूला वळली काय नि त्या बाजूला वळली काय, पान टेंभुर्णीचंच, बोटंही तशीच. हजार बिड्यांची किमान मजुरी मात्र दोन वेगळी सरकारं ठरवतात.

माझी नोकरी इंजिनीअरची. हद्द ओलांडली म्हणून मिलिमीटर बदलत नाही, हे डोक्यात पक्कं. त्यामुळे किमान वेतन म्हणजे अख्ख्या देशाचा एक आकडा, असंच मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. १९४८ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला कायदा वाचला तेव्हा कळलं, त्यात आकडाच नव्हता. धंद्यांची अनुसूची होती. बिडीसकट तंबाखूचे कारखाने तीत पहिल्यापासून होते. दर राज्य सरकारने ठरवायचा, आणि तो धंद्यागणिक, कामागणिक, प्रौढ-किशोर-उमेदवार असा, तसाच विभागागणिक वेगळा ठेवता येत असे. रोजावर ठरवा किंवा नगावर.

विभागाची सवलत समजण्यासारखी आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या वेतनाचं माप घातलं : कमावत्याचं कुटुंब तीन उपभोग-एककांचं धरायचं, अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, सरपण. भाव वेगळे तर बेरीज वेगळी येणारच. पण निपाणीच्या आणि कागलच्या बाजारात ज्वारीचा भाव असा कितीसा वेगळा असणार?

इथे आपला इतिहास आडवा येतो. निपाणी मुंबई इलाख्यात, तर कागल कोल्हापूर संस्थानात. मार्च १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि दोन्ही गावं एका सरकारखाली आली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे एकच सरकार दोन्हीकडचे दर ठरवू शकेल असा काळ पुरता आठ वर्षांचाही नाही. सीमाप्रश्नावर आपण भाषेबद्दल इतकं बोललो, मजुरीबद्दल फारच थोडं.

कामगाराला हद्द अडवते, मालकाला नाही. १९६६ चा बिडी कामगार कायदा केरळने लागू करायला घेतला, तेव्हा १९६८ साली मंगळुरूच्या मालकांनी कन्नूरकडचे कारखाने बंद केले. हजारो लोक बेकार झाले, आणि त्यांच्यातूनच १९६९ मध्ये ‘केरळ दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. बिडीला लागतं काय? सूप, कात्री, दोरा. असला धंदा उचलून पलीकडे न्यायला किती वेळ लागणार!

निपाणी म्हटलं की १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन सगळ्यांना आठवतं. त्याच सुमारास वखारीतल्या बायका संघटित होऊन मजुरीसाठी भांडत होत्या. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा १९८२ चा माहितीपट त्यांच्यावरच आहे. तो मराठीत, पण केला बंगळुरूच्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने.

आपल्यापैकी कुणाच्या घरी आजीची, आत्याची बिडीची नोंदवही असेल, तर टाकू नका, मंडळाला दाखवा. सरकारी दर राजपत्रात सापडतो. हातात किती पडलं आणि नापास म्हणून किती बिड्या काढल्या, हे त्या वहीतच असतं.