हौशी छायाचित्रकारांच्या मंडळ्या

पहांटेच्या उजेडासाठीं रंकाळ्याच्या कांठीं कॅमेरे घेऊन उभी राहिलेली मंडळी कोल्हापूरकरांना आतां नवी राहिलेली नाहीं. सुटीच्या दिवशीं एकत्र निघावें, एकाच घाटाचीं किंवा एकाच देवळाचीं चित्रें प्रत्येकानें आपापल्या नजरेनें घ्यावीं, मग तीं शेजारीं शेजारीं मांडून त्यांतील गुणदोष उघडपणें बोलावे आणि जाणत्यानें नवख्याचा हात धरून त्याला शिकवावें, हा हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. तो नव्या काळाचा वाटतो. परंतु मुंबई इलाख्यांत त्याचा आरंभ १८५४ सालीं झाला. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली, त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट आहे.

दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची कृति १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली. पुढें १८५१ सालीं आर्चर या इंग्रजानें कांचेवर चित्र उमटविण्याची नवी रीत प्रसिद्ध केली, आणि विशेष असें कीं, त्यानें तिचें पेटंट घेतलें नाहीं. ज्याला हौस असेल त्यानें ती रीत खुशाल वापरावी, अशी मोकळीक त्यामुळें झाली. १८५३ सालीं लंडनमध्यें छायाचित्रकारांची सोसायटी निघाली आणि १८५४ च्या ऑक्टोबरांत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' मुंबईंत स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील सोसायट्या त्यानंतरच्या, १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीचे पहिले अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार हे होते. आरंभीं सभासद मोजकेच होते. पण वर्षाच्या आंत त्यांची संख्या दोनशेंच्या वर गेली, आणि १८५५ सालीं सोसायटीनें स्वतःचें नियतकालिकहि सुरू केलें.

एवढ्या माणसांना एकत्र आणणारी गोष्ट केवळ हौस नव्हती. हौसेइतकीच अडचणहि त्यांना एकत्र आणीत होती. आर्चरच्या रीतींत कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती कांच अंधाऱ्या खोलींत चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वींच तिच्यावर पुढचे संस्कार करावयाचे. कलोडियनमध्यें ईथर असतें. तें वैशाखाच्या उन्हांत पाहतां पाहतां उडून जाई. इंग्लंडांत जमणारी कृति येथें फसे. बाहेरगांवीं जावयाचें तर अंधाऱ्या खोलीचें काम देणारा तंबू, कांचा, बाटल्या व पाणी हें सारें बरोबर न्यावें लागे. कागदावर निगेटिव्ह करण्याची दुसरी एक रीत होती. मेण दिलेला कागद आधीं तयार करून प्रवासांत नेतां येई. मात्र चित्र उमटण्यास वेळ फार लागे आणि कांचेइतका रेखीवपणा येत नसे. विजापूर, बदामी व ऐहोळे येथील वास्तूंचीं चित्रें घेण्यास १८५५ सालीं सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस नेमलें, तेव्हां त्यांनीं कागदी निगेटिव्हांवरच काम केलें. कोणतें द्रावण किती घ्यावें, कोणत्या ऋतूंत काय टाळावें, हें ज्ञान विलायती पुस्तकांत मिळणारें नव्हतें. तें एकमेकांच्या चुका पाहूनच मिळावयाचें. कोल्हापूरकरांना ही रीत तालमीवरून चांगली ठाऊक आहे. पुस्तक वाचून कुस्ती येत नाहीं. वस्तादाच्या नजरेखालीं जोडीदाराशीं झटावें लागतें, तेव्हां डाव अंगीं मुरतो.

या मंडळींत पहिल्यापासून भारतीयांस प्रवेश होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी आणि विनायक गंगाधर शास्त्री हे पहिल्या भारतीय सभासदांपैकीं होत. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. पुढें प्राचीन शिलालेखांचे वाचक म्हणून त्यांची कीर्ति झाली. नारायण दाजी हे तर कांहीं वर्षें सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरहि होते. परंतु सभासदत्वाहूनहि फलदायी गोष्ट घडली ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें. १८५५ सालीं तेथें छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि क्रॉफर्ड नांवाचे गृहस्थ तो चालवूं लागले. साहेबांच्या दिवाणखान्यांतील हौस त्यायोगें एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हातीं आली. वर्ग फार काळ टिकला नाहीं. तथापि त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ थाटला. छायाचित्रणाचा धंदा करणाऱ्या अगदीं पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

दार उघडें असणें किती नाजूक गोष्ट आहे, हें कलकत्त्याच्या हकीकतीवरून कळतें. तेथील सोसायटीचे खजिनदार राजेंद्रलाल मित्र हे थोर पंडित होते. १८५७ सालीं एका जाहीर सभेंत त्यांनीं नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांच्या वर्तनावर कडक टीका केली. या भाषणाचा कॅमेऱ्याशीं कांहींएक संबंध नव्हता. तरीहि गोऱ्या सभासदांनीं गिल्ला केला आणि मित्र यांस सोसायटींतून काढण्यांत आलें. छायाचित्राच्या कांचेवर गोरा-काळा हा भेद केवळ प्रकाशाचा असतो. मंडळींच्या बैठकींत तो मनुष्यांचा झाला.

मुंबईची मंडळी सर्वथा निर्दोष होती, असेंहि म्हणतां येणार नाहीं. जॉन्सन आणि हेंडरसन यांनीं १८५६ ते १८५८ या काळांत हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचें एक मासिक काढलें. छायाचित्र शाईनें छापण्याची सोय त्या वेळीं नव्हती. म्हणून प्रत्येक अंकांत तीन मूळ छायाचित्रें चिकटविलेलीं असत. त्यांत मुंबईच्या इमारतींबरोबर निरनिराळ्या जातीजमातींचे लोकहि येत. पुढें जॉन्सन यांनीं १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील लोकांविषयीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत युक्ति अशी होती कीं, माणसांचे समूह स्टुडिओंत बसवून चित्र घ्यावयाचें आणि मागें दुसऱ्याच ठिकाणचें देऊळ वा रस्ता जोडावयाचा. चित्राखालीं बहुतेक ठिकाणीं माणसाचें नांव नसे, जमात असे. समोर बसलेला मनुष्य हा कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा आहे, हें विसरून त्याचा नमुना केला गेला. नारायण दाजींनींहि साधु, गवई अशा लोकांचीं चित्रें घेतलीं होतीं. घेणारा आपला असला म्हणजे हा प्रश्न सुटतो, असें नाहीं.

यानंतर कृति सोपी होत गेली. कोरड्या कांचा बाजारांत आल्या, १८८८ सालीं कोडॅक नांवाचा गुंडाळी घातलेला कॅमेरा निघाला, आणि बाटल्या व तंबू बाळगण्याची गरज सरली. जेथें अडचण उरत नाहीं तेथें एकत्र बसण्याचें निकडीचें कारणहि उरत नाहीं. परंतु लवकरच एक नवी अडचण उभी राहिली, ती हलत्या चित्रांची. आणि ती सोडविण्यासाठीं जी मंडळी जमली ती कोल्हापुरांत.

आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नात्यानें भाऊ, नाटकांचे पडदे रंगविणारे नामांकित कारागीर. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून आपणच तो बनवावा असें ठरलें. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. फिल्मची पट्टी प्रत्येक चित्रासाठीं क्षणभर अगदीं स्थिर राहिली पाहिजे, मग झांकण मिटलेलें असतांना नेमकी एक घर पुढें सरकली पाहिजे, आणि असें सेकंदास सुमारें सोळा वेळां घडलें पाहिजे. एका दांत्याची चूक झाली तरी पडद्यावरचें चित्र थरथरूं लागतें. काम अर्धवट असतांनाच १९१६ सालीं आनंदराव वारले. त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले पेणचे विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन बाबूरावांनीं चिकाटी सोडली नाहीं, आणि १९१८ सालीं कॅमेरा चालूं लागला. गायिका तानीबाई कागलकर यांनीं पैशाचें साहाय्य केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आली.

ही कंपनी धंद्याची होती, हौशी मंडळ नव्हे; पण तिचा वर्ग मात्र तालमीसारखा चाले. कागलचे शेख फत्तेलाल रंग आणि कॅमेरा दोन्हीं सांभाळूं लागले. कोल्हापूरचे शांताराम वणकुद्रे पडेल तें काम करण्यासाठीं आले आणि काम करतां करतां शिकले. याच मंडळींतून दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर बाहेर पडले आणि १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांतच 'प्रभात' निघाली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या 'संत तुकारामा'चा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. कोल्हापुरांत खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो या कर्तृत्वाची खूण म्हणून.

मुंबई आणि कोल्हापूर येथील या दोन प्रयत्नांचें फळ अगदीं उलट दिसतें. मुंबईच्या सोसायटीचीं चित्रें संग्रहालयांतून जपलेलीं आहेत; परंतु एल्फिन्स्टनच्या वर्गांतून पुढें नांवारूपास आलेले विद्यार्थी बोटांवर मोजण्यासारखे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहींत. पण तेथें शिकलेल्या हातांनीं पुढच्या पिढीचा चित्रपट घडविला. चित्र टिकण्याची हमी कोणासच देतां येत नाहीं. शिकविलेलें मात्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें.

आज प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत कॅमेरा आहे. ना कलोडियन, ना अंधारी खोली. म्हणून हौशी मंडळांचें काम संपलें असें कोणी म्हणेल, तर तें उतावीळपणाचें होईल. रसायनाची अडचण गेली. उजेड केव्हां थांबून पाहावा, पुष्कळ चित्रांतून कोणतें ठेवावें, समोरच्या मनुष्यास विचारल्याशिवाय त्याच्यावर भिंग रोखावें काय, या अडचणी राहिल्याच आहेत. यंत्र त्यांचें उत्तर देत नाहीं. चार माणसें एकत्र बसून परस्परांचीं चित्रें प्रामाणिकपणें पाहतात आणि दाराशीं आलेल्या नवख्याला जागा करून देतात, तेथेंच तें शिकतां येतें.